सेंटर हाफ पळत नसतो

३ जून १९४६, सोमवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. मोठ्या खेळाडूंची चरित्रं पुढे लिहिली जातात तेव्हा माहिती मिळत नाही अशी ओरड होते. आपल्या बाबतीत ती नको. तूर्त ही वही ट्रंकेत राहील, माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही.
गंगाधर विष्णुपंत ठोसर, मुक्काम सातारा. कचेरीत कारकून आहे, पण ते पोटापुरतं. खरं काम फुटबॉल. जरंडा क्लबचा सेंटर हाफ. पाच फॉरवर्ड पुढे, दोन बॅक मागे, मधे तीन हाफ, आणि त्या तिघांच्या बरोबर मधे मी. थोडक्यात टीमचा मेंदू. वय एकतीस. क्लबात सत्तावीस सांगितलंय. खेळाडूचं वय पंचांगावरून मोजू नये.
संकल्प: पहाटे पाचला उठून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत पळत जाणे. तळलेलं बंद.

४ जून
सातला उठलो. काल रात्री उमानं आमरस केला होता. आमरसावर पहाट होत नाही. बायकोला खेळाडूच्या आहाराची कल्पना नसली की असं होतं. उद्यापासून.

९ जून, रविवार
प्रॅक्टिस. दादासो सारखा ओरडत होता, "पळ की रं, गंगाधर, पळ की." दादासो आमचा कॅप्टन. पलटणीत हवालदार होता, त्यामुळे सगळं जग परेडवर आहे असं त्याला वाटतं. त्याला शांतपणे समजावलं की सेंटर हाफ पळत नसतो, तो बॉलला पळवतो. त्यावर म्हणाला, "मग बॉल तरी पळीव की गड्या. तूबी हुबा, बॉलबी हुबा."
सगळे हसले. शास्त्र माहीत नसलं की माणसं हसतात.

१६ जून, रविवार
पुण्याला जाऊन बूट आणले. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या सोल्जरनं विकले. अस्सल. खाली खिळ्यासारखे लाकडी गुटके आहेत. जरा मोठे होतात, पुढे चिंध्या कोंबल्या. आख्ख्या क्लबात सगळे घोट्याला पट्टी बांधून अनवाणी खेळतात. आता फरक दिसेल.
संध्याकाळी टाचेला फोड.

२३ जून, रविवार
कऱ्हाडच्या टीमशी मॅच. दादासोनं मला बसवलं. कारण विचारलं तर म्हणाला, "तुला जपून ठेवायचंय." बरोबर आहे. प्रत्येक मॅचला तलवार उपसायची नसते. दोन-शून्य जिंकलो, पण खेळात सौंदर्य नव्हतं.

७ जुलै
पुन्हा जपून ठेवलं. पुन्हा जिंकलो. सौंदर्य पुन्हा नव्हतं.

१४ जुलै, रविवार. रात्री.
आजचा दिवस चरित्रात स्वतंत्र प्रकरण म्हणून येईल.
सांगलीचे नानासो शेट स्वतःच्या मोटारीनं आले. त्यांची तेलाची गिरणी आहे, हळदीचा व्यापार आहे, आणि फुटबॉलचं वेड आहे. गिरणीच्या टीमला एक चांगला सेंटर हाफ हवा होता. दादासोनं आपण होऊन माझं नाव पुढे केलं. नुसतं केलं नाही, पाव तास माझी स्तुती केली. माझ्याबद्दल त्याच्या मनात एवढं आहे हे मला माहीतच नव्हतं. शेवटी शेट म्हणाले, "इतका भारी गडी हाय, तर सोडताय कसा?" दादासोनं मान खाली घातली. म्हणाला, "मन घट्ट करायचं, शेट. त्याचं कल्याण हुतंय नव्हं." माझे डोळे भरून आले.
पगार कचेरीपेक्षा जास्त. राहायला दोन खोल्या. सकाळी गोदामात जरा बघायचं, संध्याकाळी फुटबॉल. म्हणजे खेळायचा पगार. सातारा जिल्ह्यात असा प्रोफेशनल मीच पहिला असणार.

१५ जुलै
घरी सांगितलं. वडिलांनी ह्याच कचेरीत जन्म काढला. ते "पेन्शन" एवढा एकच शब्द बोलले आणि देवघरात जाऊन बसले. उमानं विचारलं, "बॉल खेळायचे पैसे देतात?" म्हटलं, देतात. "आणि खेळता आलं नाही तर?"
बायकांना खेळातलं काही कळत नाही. राजीनामा दिला.

२१ जुलै, रविवार. गाडीत.
क्लबानं आम्हां दोघांची तिकिटं काढली. मी नको म्हणत होतो, ऐकेनात. दादासो तर सातारा रोड स्टेशनपर्यंत ट्रंक उचलून आला. गाडी सुटली तरी हलला नाही. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो प्लॅटफॉर्मवर उभा. पलटणीतल्या माणसाला काळीज नसतं असं कोण म्हणतं.

२४ जुलै, सांगली
"गोदामात जरा बघायचं" म्हणजे सकाळी सात ते चार. हळदीची पोती काट्यावर चढवायची, वजन पुकारायचं, मांडायचं. एका प्रोफेशनल खेळाडूला हे काम. पण शेटचा हेतू लक्षात आला. पोत्यांमुळे खांदे तयार होतात. पोती हमाल उचलतात, पण बघूनही होतात.
संध्याकाळी घरी गेलो तर कानापासून टाचेपर्यंत पिवळा. उमा म्हणाली, "हळद लागली. आता मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या."

२८ जुलै, रविवार
पहिली प्रॅक्टिस. माझ्या डाव्या हाताला, लेफ्ट हाफला, हंबीरराव म्हणून पोरगा आहे. पलूसकडचा. घरचा ऊस आहे, दोन वर्षं पलटणीत होता, आता गिरणीत इंजिनावर फिटर. रानरेड्यासारखा पळतो. आत्ता आपल्या गोलपाशी, तर आत्ता त्यांच्या. पळणं म्हणजे खेळणं नव्हे हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तसं का हुईना, पंत. तुमी हुबं ऱ्हावा, मी आणून देतो."
शिष्य म्हणून बरा आहे. घडवीन.

४ ऑगस्ट, रविवार
मिरजेच्या टीमशी पहिली मॅच. शून्य-तीन हरलो. कारणं: मैदान त्यांच्या बाजूला उतरतं. वारं. बुटाची नाडी. माझे पास इतके पुढचे होते की तिथं पोचायला आमचे फॉरवर्ड तयार नव्हते, त्यांचे बॅक मात्र तयार होते. शिवाय हंबीरराव सारखा माझ्या जागेत घुसत होता. दोनदा माझ्यासमोरून बॉल काढून नेला. बॉल प्रतिपक्षाकडे होता हे खरं, पण जागा माझी होती.
संकल्प: पहाटे कृष्णेच्या घाटापर्यंत पळणे.

५ ऑगस्ट
घाटापर्यंत गेलो. चालत. वाटेत एका हॉटेलात कांदाभजी निघत होती. पहिला घाणा. परत येताना टांगा केला, कारण पोट जड असताना पळणं वैद्यकशास्त्राला मान्य नाही.

११ ऑगस्ट, रविवार
खेळाडूला अंडी लागतात. उमा घरात येऊ देणार नाही. म्हणून दोन कच्ची अंडी आणून कोणी हात लावणार नाही अशा जागी ठेवली, म्हणजे बुटात. प्रॅक्टिसच्या घाईत विसरलो.
उमानं मोजा पाण्यात टाकला आणि काही विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं. उत्तर तयार होतं.

१८ ऑगस्ट, रविवार
जिंकलो, दोन-एक. दोन्ही गोल हंबीररावनं मारले, पण मूळ माझं. पहिल्या गोलाच्या वेळी बॉल माझ्या पाठीला लागूनच त्याच्याकडे गेला. सेंटर हाफ योग्य जागी उभा असला की अशा गोष्टी घडतात.
उमा पहिल्यांदाच मॅचला आली होती. घरी येताना अर्धी वाट झाली. मग म्हणाली, "तो मुलगा कोण? तुमच्या वाटचंही तोच पळत होता." मी तिला पोझिशनची संकल्पना समजावून सांगितली. ती म्हणाली, "त्याला पाणी तरी द्यायचं कोणीतरी. दमला होता."
सगळीकडे एकच चर्चा, इंग्रज जाणार. गेले तर फुटबॉलचं काय होईल याचा एकही पुढारी विचार करत नाही.

२५ ऑगस्ट, रविवार
फार मोठी बातमी.
शेटनी प्रॅक्टिसनंतर सगळ्यांना बसवून सांगितलं. गणपतीत स्पर्धा आहे. फायनलला मुंबईच्या एका मोठ्या गिरणीच्या टीमचे मॅनेजर येणार. शेटचे शब्द जसेच्या तसे: "आपल्या हाफला बघाय येनार हायत. पसंत पडला तर मुंबईला घिऊन जानार."
आपल्या हाफला. हाफ तीन. राइट हाफ शेटचा भाचा, तो खेळतो ते शेट बघतात म्हणून. हंबीरराव अजून शिकतोय. राहता राहिला कोण, हे सांगायला नको.
हंबीररावही खूष दिसला. शिष्याला गुरूचा अभिमान असतो.

२६ ऑगस्ट
उमाला सांगितलं, बांधाबांध सुरू कर. ती म्हणाली, "लिंबाचं लोणचं आत्ता घातलंय. ते मुरेपर्यंत तरी थांबते." मुंबईतही लिंबं मिळतात हे तिला पटत नाही.
घरमालकांना कळवलं की दिवाळीपासून खोल्या मोकळ्या होतील.

१ सप्टेंबर
सेमीफायनल जिंकलो. हंबीररावला सांगून ठेवलं, फायनलला माझ्यापुढे फार नाचू नकोस, मुंबईचे लोक बघायला येणार आहेत. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "पंत, कुनाला बघाय येनार हायत म्हनला?" मी नुसता हसलो. आपल्या तोंडानं आपलं नाव काय घ्यायचं.

७ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी.
उद्या फायनल. समोर कोण, तर साताऱ्याचा जरंडा क्लब. माझाच जुना क्लब.
दादासो मुद्दाम बिऱ्हाडी येऊन भेटला. चहा घेतला. तीनतीनदा विचारलं, "उद्या तू हाईस नव्हं? मधीच खेळनार नव्हं?" म्हटलं, अर्थात. "मग झालं," म्हणाला. "कायबी झालं तरी खेळ रं गड्या. आजारी-बिजारी पडू नगंस." माणूस बदलत नाही. निघताना उमाला नमस्कार केला आणि म्हणाला, "वैनी, ह्यास्नी रातच्याला जड कायतरी खायाला घाला."
उमानं दार लावलं. म्हणाली, "उद्या नाही खेळलात तर नाही का चालणार?" मी म्हटलं, टीमचं कसं चालेल.

९ सप्टेंबर, सोमवार
काल लिहिलं नाही. आज जेवढं झालं तेवढं लिहितो. भावनेत न जाता.
हाफटाइमला तीन-शून्य मागे होतो. तिन्ही गोल मधून झाले. जरंडा क्लबचा प्रत्येक बॉल माझ्यावरून जात होता, आणि दादासो मागून ओरडत होता, "मधनं काडा, गंगूकडनं काडा." यावरून एक सिद्ध होतं. त्यांचा सगळा भर माझ्यावर होता. दुबळ्यावर कोणी एवढा भर देत नाही.
हाफटाइमला शेट आले. मोठ्यानं बोलले नाहीत. "पंत, तुमी आता उजव्या कडंला, रेघंजवळ हुबं ऱ्हावा. बॉल आला तर सोडून द्या." हंबीररावला मधे घेतला.
मी रेघेजवळ उभा राहिलो. आपण मधे नसलो की टीमला किंमत कळतेच, म्हणून. तेवढ्यात हंबीररावनं एक गोल करवला आणि दुसरा स्वतः मारला. तीन-दोन. पाच हजार माणूस उभं. मुंबईचे मॅनेजर शेटच्या शेजारी खुर्चीवर होते, तेही उठले. ते मैदानाच्या मधोमध बघत होते. आणि मधोमध मी नव्हतो.
तेव्हा मला जाणीव झाली की माझी जागा तिथं आहे.
मी रेघ सोडली. आयुष्यात एवढा पळालो नसेन. बॉल वरून मधे येत होता. हंबीररावनं छातीवर घेतला, खाली टाकला. मी पोचलो. तो ओरडला, "पंत, सोडा." मी सोडला नाही. मी पाय टाकला.
बॉल नव्हता तिथं. त्याचा घोटा होता. तो अनवाणी. माझ्या पायात बूट.
आवाज आला.
मग कोणीच ओरडत नव्हतं. तीन-दोनच हरलो.

१० सप्टेंबर
त्याला मिरजेला दवाखान्यात नेलंय. घोट्याचं हाड चिरलंय. प्लास्टर घातलं.
नीट विचार केला. एक, सेंटर हाफच्या जागेत दुसऱ्यानं असू नये. दोन, अनवाणी खेळणंच अशास्त्रीय. तीन, "सोडा" हा शब्द आयत्या वेळी ओरडला की माणूस गोंधळतो. खेळ म्हटला की लागायचंच. मला स्वतःला अंगठ्याला मार आहे, पण मी बोलत नाही.
उमा सकाळीच डबा घेऊन मिरजेला गेली. मला म्हणाली, "येताय?" म्हटलं, गोदामात गाडी लागलीय. लागली नव्हती.

१२ सप्टेंबर
मॅनेजर अजून शेटकडेच उतरलेत. विचार केला, जे झालं ते झालं, पण मुंबईला हाफ हवा आहेच. हंबीरराव दोन-तीन महिने उभा राहू शकत नाही. अशा वेळी संकोच करणं म्हणजे खेळाशी बेइमानी. अंघोळ करून, धुतलेला कोट घालून गेलो.
ओसरीवर चहा घेत होते. "आपण?" म्हणाले. म्हटलं, "सेंटर हाफ." मग म्हणाले, "रेघेजवळ उभे होते ते तुम्हीच का?" म्हटलं, फक्त दुसऱ्या अर्ध्यात.
ते सभ्य गृहस्थ. कप खाली ठेवला आणि विचारलं, मिरजेला जायला टांगा कुठं मिळेल. त्या मुलाला भेटायचं आहे. "पाय बरा होईपर्यंत आम्ही थांबू," म्हणाले. "असा हाफ सारखा सारखा मिळत नाही."
टांगा मी आणून दिला. टांगेवाल्याला बजावलं की पाहुणे आहेत, सावकाश ने.

१५ सप्टेंबर, रविवार
उमा चार दिवस बोललेली नाही. म्हणून मिरजेला गेलो.
हंबीरराव कॉटवर. पाय वर टांगलेला. शेजारी खाली त्याची आई बसली होती, रंगूबाई. पलूसहून आलेली. मला ओळखत नव्हती. "बसा," म्हणाली. "तुमी गिरनीतलं का वो?" म्हटलं, हो. मग जवळ सरकून विचारलं, "मग तुमी बघितलं असंल. माज्या लेकाच्या पायावर पाय दिनारा कोन हुता त्यो?"
मी म्हटलं, गर्दी फार होती, नीट दिसलं नाही.
हंबीरराव जागाच होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर एक कडुलिंबाचं झाड आहे. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आये, पंत लांबनं आल्यात. पानी दे त्यास्नी."
तिनं तांब्या दिला. प्यालो. मिरजेचं पाणी सांगलीपेक्षा गोड आहे.

२२ सप्टेंबर, रविवार
शेटनी बोलावलं. मी रेडी होतो. पुढच्या मोसमाची योजना लिहून नेली होती. त्यांनी ती वाचली नाही. "पंत, बॉलचं आता ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "वजनं मातुर लय बरोबर करता तुमी. ह्या गोदामात असा मानूस मला कवा गावला न्हाई. पगार हाय तसाच चालू ऱ्हाईल."
बाहेर आलो तेव्हा चांगलं वाटलं, की वाईट, हे अजून ठरवलेलं नाही. शेटनी सक्तीची विश्रांती दिली असंच याला म्हणता येईल. मोठ्या खेळाडूंना ती लागते.
संकल्प: पहाटे घाटापर्यंत पळणे.
घरमालकांना सांगितलं, खोल्या दिवाळीनंतरही लागतील. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं."

१ डिसेंबर, रविवार
हंबीरराव मुंबईला गेला. जरा लंगडतो, पण तेही हळूहळू जाईल म्हणतात. स्टेशनवर आख्खी गिरणी होती. मला कोणी कळवलं नाही. उमाला माहीत होतं. तिनं त्याच्याबरोबर लिंबाचं लोणचं दिलं. मुरलं होतं म्हणे.
मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, "तुम्ही आला असतात."

१२ जानेवारी १९४७, रविवार. रात्री.
नवी हळद आली, म्हणून सुट्टी असूनही गोदाम उघडं होतं. मैदान गोदामाच्या भिंतीपलीकडे आहे. मॅच होती. मिरजेच्या टीमशी. मी काट्यावर होतो. दोनदा मोठा आरडाओरडा झाला, एकदा लहान. त्यावरून हमालांना म्हटलं, दोन-एक. तसंच निघालं. खेळाची जाण अशी भिंतीपलीकडूनही असते.
उमा मॅचला गेली होती. मी खेळत नसताना. शेजारणीला घेऊन. परत आली ती गाल लाल, आवाज बसलेला. कोणी कुणाकडून बॉल काढला, कोण पडला, दुसरा गोल कसा झाला, भाकरी थापता थापता सगळं सांगितलं. माझ्याशी इतकं एका दमात ती लग्नापासून बोलली नव्हती. मी पिठाच्या डब्यावर बसून ऐकलं.
सेंटर हाफला कोण होतं, विचारलं. म्हणाली, "कुणी आप्पासो म्हणून आहे नवीन. चांगला आहे. पळतो."
मग विचारलं, माझी कुणी आठवण काढली का.
"काढली की," म्हणाली. "शेट विचारत होते, गोदामाची किल्ली कुणाकडे आहे म्हणून."
किल्ली माझ्याच खिशात होती. उद्या सातला उघडायचं आहे.